बॅटरी बदलल्यापासून रेडिओ ‘सेफ’ दाखवतो; कोडचे कार्ड सापडत नाही

गोदाकाठ (प्रश्न)
नमस्कार. आमच्या घरी 2005 सालची श्कोडा ऑक्टाव्हिया आहे. वडिलांनी ती सेकंडहँड घेतली होती आणि आम्ही ती आजवर जपून वापरली आहे. गेल्या आठवड्यात बॅटरी बदलली, तेव्हापासून रेडिओ सुरू केला की पडद्यावर फक्त ‘सेफ’ अशी अक्षरे येतात, म्हणजे तो चोरीविरोधी कोड मागतो. गाडीसोबत मिळालेल्या कागदपत्रांत कोडचे कार्ड नाही आणि मूळ मालक परदेशी गेल्यामुळे त्यांच्याशी संपर्क होत नाही. बॅटरीवाल्याने अंदाजाने आकडे टाकून पाहायला सुचवले होते, परंतु मी अजून एकही आकडा दाबलेला नाही. वडील प्रवासात सकाळच्या बातम्या याच रेडिओवर ऐकतात, त्यामुळे नवा सेट बसवण्याऐवजी हाच पुन्हा सुरू व्हावा, अशी मनापासून इच्छा आहे. कोड कसा मिळवावा?

जुनेइंजिन
आपण आकडे दाबले नाहीत, हे फार चांगले झाले. या सेटचा कोड चार आकडी असतो आणि लागोपाठ दोनदा चुकला की सेट साधारण तासभर कुलूपबंद होतो. तो तास भरेपर्यंत रेडिओ चालूच ठेवावा लागतो. अशा गतीने अंदाज बांधत बसण्यात काहीच अर्थ नाही.

आधी सर्व्हिस बुकाची पाने, मॅन्युअलच्या कव्हरचा आतला कप्पा आणि ग्लोव्ह बॉक्सच्या आतील बाजू नीट पाहा, कारण पुष्कळदा कोडचे स्टिकर तिथेच चिकटवलेले सापडते. तिथे नसेल तर सेट बाहेर काढावा लागेल. सेटच्या कडेला बारीक खाचा दिसतील. त्यांत घालायच्या पातळ पोलादी पट्ट्या कार ऑडिओच्या दुकानात मिळतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पुढची पट्टी तडकते. सेटच्या धातूच्या आवरणावर लेबल असते आणि त्यावर ‘एसकेझेड’ या अक्षरांनी सुरू होणारा अनुक्रमांक छापलेला असतो. त्याचा स्पष्ट फोटो, आरसी बुक आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा. कोड गाडीचा नसून त्या विशिष्ट सेटचा असतो, त्यामुळे तेथील माणसाला चासी नंबराबरोबर हा अनुक्रमांकही द्या.

सोल्डरिंगवाला
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक शंका नोंदवावीशी वाटते. श्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहात आहे, त्याच्या गाड्यांतील बऱ्याच सेटमध्ये अशी सोय असते की एकदा कोड टाकला की सेट त्या गाडीची ओळख लक्षात ठेवतो, आणि पुढे बॅटरी काढली तरी त्याच गाडीत पुन्हा कोड मागत नाही. आपल्या सेटमध्ये ही सोय असूनही तो कोड मागत असेल, तर आधीच्या मालकाने दुसऱ्या गाडीतील सेट बसवला असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास चासी नंबरावरून मिळालेला कोड चालणार नाही, म्हणूनच लेबल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कंपनीकडूनही कोड मिळाला नाही, तर शेवटचा मार्ग उरतो. सेटच्या आत एक छोटी मेमरी चिप असते. वीज गेली तरी तिच्यातील माहिती पुसली जात नाही आणि कोडही तिथेच साठवलेला असतो. कार ऑडिओ दुरुस्त करणारा जाणकार कारागीर प्रोग्रामर हे चिप वाचण्याचे उपकरण जोडून ती वाचू शकतो. हे काम नाजूक आहे, तेव्हा त्याला असे सेट उघडण्याचा अनुभव आहे का, हे आधी विचारून घ्या. मालकीचा पुरावा न मागणाऱ्या माणसाकडे मात्र मी स्वतः सेट देणार नाही.

डोंबिवली_ते_दादर
होंडाची गाडी असलेल्या वाचकांसाठी सांगतो, कारण हाच प्रश्न त्यांनाही पडतो. होंडाच्या अनेक सेटमध्ये अनुक्रमांकासाठी सेट बाहेर काढावा लागत नाही. इग्निशन चालू आणि रेडिओ बंद ठेवून 1 आणि 6 ही बटणे दाबून धरायची व त्याच वेळी पॉवरचे बटण दाबायचे. पडद्यावर आधी ‘यू’ आणि नंतर ‘एल’ या अक्षरापुढे चार-चार आकडे येतात. ऑक्टाव्हियावर हा प्रयोग करू नये.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. अनुक्रमांक किंवा लेबलचा फोटो येथे सर्वांसमोर टाकू नका. चोरलेला सेट कोडशिवाय निरुपयोगी ठरावा यासाठीच ही सारी व्यवस्था आहे, आणि अनुक्रमांकावरून कोड काढून देणारे लोक असतात.

गोदाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्लोव्ह बॉक्स आजच पाहिला. तिथे स्टिकर नाही. रविवारी पट्ट्या आणून सेट बाहेर काढतो आणि लेबलवरील अनुक्रमांक सोमवारी सर्व्हिस सेंटरला दाखवतो. कोड मिळाल्यावर तो कसा टाकायचा, हेही कृपया सांगावे.

जुनेइंजिन
मॉडेलनुसार बटणे वेगळी असतात, म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये कोडबरोबर तेही विचारून घ्या. साधारणपणे पडद्यावर ‘1000’ हा आकडा आणावा लागतो, 1 ते 4 या बटणांनी एकेक आकडा जुळवावा लागतो आणि मग खात्रीचे बटण दाबावे लागते. ‘1000’ हा कोड नव्हे. तो तसाच स्वीकारला, तर दोनपैकी एक संधी वाया जाते. कोड मिळाला की घरच्या कागदपत्रांत लिहून ठेवा, गाडीत नको.