अनुभव धागा: आपल्या शनिवारच्या फुटबॉलचं पैशाने काय केलं?

अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वेड लागलेलं आहे आणि ते घरच्यांना कधीच नीट समजावून सांगता आलेलं नाही. कॉलेजचं फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं ते अमेरिकन फुटबॉल. पुण्याच्या मंडळींना मी एकच उपमा देतो. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘अरे, आवाज कुणाचा’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेलं आठवा. आता तसे ओरडणारे लाखभर लोक एका मैदानाभोवती बसवा, त्यात सत्तरीच्या आज्या आणि कडेवरची पोरं घाला, आणि हे शंभर वर्षं दर शनिवारी चाललंय असं समजा.

मी १९९६ साली मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात एम.एस.ला आलो. नोकरी लागल्यावर २००३ मध्ये सीझनची दोन तिकिटं घेतली. शेजारच्या दोन सीटांवर एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची शिक्षिका बायको. ‘चार संधींत चेंडू दहा यार्ड पुढे’ हा हिशेब मला त्या आजींनी भुईमुगाच्या शेंगा मांडून शिकवला. मुलगी झाली तेव्हा त्यांनी संघाच्या रंगाची लोकरीची टोपी विणली. वडील गेले आणि मी सांगलीला गेलो, तेव्हा हुकलेल्या दोन सामन्यांची माहितीपत्रकं आजोबांनी माझ्यासाठी जपून ठेवली होती. वर्षातून सहा-सात शनिवार भेटणारी ही माणसं. एकमेकांच्या घरी आम्ही कधी गेलो नव्हतो.

सीट टिकवायची तर तिकिटाच्या किमतीवर दरवर्षी ‘देणगी’ द्यावी लागते. आधी ती शंभर-दोनशे डॉलरची होती, मग चढत गेली. २०१७ पर्यंत या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची, २०१८ पासून तीही गेली. मग एका वसंतात पत्र आलं की आमचा भाग आता वरच्या श्रेणीत गणला जाईल. आजी-आजोबांची ती जागा १९७१ पासूनची. पेन्शनीत बसेना, त्यांनी सोडली.

पुढच्या वर्षी त्या दोन सीटांवर दर शनिवारी नवी माणसं. मोबाईलवरून त्याच आठवड्यात तिकीट घेतलेली. चांगली होती सगळी. पण गेल्या वेळी आम्ही का दिसलो नाही, हे विचारणारं कुणी उरलं नाही. मी आणखी दोन वर्षं काढली, मग मीही सोडली.

तुमचं काय झालं ते लिहा. तिकिटं, टीव्ही, खेळाडूंचे पैसे, कॉन्फरन्सची (एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांची) उलथापालथ, काहीही. आणि अनुभव माझ्या उलट असेल तर तो आवर्जून लिहा.

बर्कली, कॅलिफोर्निया

आमच्या १९२३ च्या स्टेडियमला लागून एक टेकडी आहे. तिचं नाव टाइटवॉड हिल, म्हणजे आपल्या भाषेत कवडीचुंबकांची टेकडी. पीएचडीची सहा वर्षं मी तिथूनच सामने पाहिले, फुकट. आपण गुण मिळवले की तिथली तोफ कानाशीच उडते.

आता कमावता झालो, मुलाला घेऊन तिकीट काढून जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डविरुद्धचा ‘बिग गेम’ आम्ही हरत आलो होतो. शेवटी फर्नांडो मेंडोझाने स्वतःच्या गोलरेषेजवळून ९८ यार्ड संघ पुढे नेला आणि आम्ही २४-२१ जिंकलो. माझा नऊ वर्षांचा मुलगा रडला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला १५ नंबरची जर्सी घेऊन दिली.

मेंडोझा ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) इंडियानाला गेला. मुलाने विचारलं, “बाबा, आता तो आपला नाही?” मला उत्तर देता आलं नाही. मीही पगार वाढला म्हणून तीन कंपन्या बदलल्या आहेत, त्या पोराला कुठल्या तोंडाने बोलू? पण माझ्या कंपनीच्या नावाचा सदरा घालून कुणी लहान मूल झोपत नव्हतं, एवढा फरक आहे. जर्सी अजून खुंटीला आहे. तो घालत नाही आणि टाकूही देत नाही.

शिवाय पॅसिफिकच्या काठावरचं आमचं विद्यापीठ २०२४ पासून ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये आहे. पहिल्याच वर्षी टॅलहासी आणि पिट्सबर्गला सामने. पूर्वी सहा-सात तास गाडी हाकून लॉस एंजेलिसला जायचो, रात्री मित्राकडे पथारी पसरायचो. ते आता संपलं.

ब्लूमिंग्टन, इंडियाना

बर्कलीकर, तुमचा १५ नंबर आमच्याकडे आला. तुमच्या मुलाचं वाचून पोटात कालवलं, तरीही मला माझं लिहायलाच हवं.

मी २००५ पासून इथे आहे. हे बास्केटबॉलचं गाव. फुटबॉलच्या दिवशी पोरं पार्किंगच्या कुरणात टेलगेटला गर्दी करायची, गाडीच्या डिकीपाशी शेगडी पेटवून खायची-प्यायची, आणि त्यातली निम्मी आत फिरकायचीच नाहीत. आत गेलेली मध्यंतराला बाहेर. २०२३ चा हंगाम संपला तेव्हा पहिल्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पराभव आमच्या नावावर होते. आमच्या विभागाच्या कचेरीतल्या बाई चाळीस वर्षं लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार घालून जायच्या. ऑक्टोबर आला की बास्केटबॉलचं वेळापत्रक काढून बसायच्या.

मग कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून १३ खेळाडू बरोबर घेऊन आले. जुन्या नियमांत हे शक्यच नव्हतं, कारण विद्यापीठ बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२४ मध्ये ११ विजय. २०२५ मध्ये मेंडोझाला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीवर २७-२१ ने मात करून आम्ही राष्ट्रीय विजेते. सोळापैकी सोळा सामने जिंकलो. त्या रात्री बाईंनी माझा हात धरला तो शेवटच्या मिनिटापर्यंत सोडला नाही.

पैसा पूर्वीही होताच. तो प्रशिक्षकांच्या पगारांत आणि संगमरवरी लॉकररूममध्ये जायचा आणि चांगली पोरं त्याच आठ-दहा ठिकाणी जायची. तो खेळाडूपर्यंत पोचला आणि त्याला दार उघडून जाता येऊ लागलं, तेव्हाच आमची पाळी आली. आता मात्र तिकीट मिळत नाही, आणि बाईंना या वर्षी घरूनच बघावं लागणार आहे. हेही खरं.

एक आई, ओहायो

माझी मुलगी मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. मी स्वतः पुण्यात ढोलपथकात ताशा वाजवलाय. त्यामुळे गणपतीआधी दोन महिने नदीकाठी तळहाताला फोड येईपर्यंत चालणारा सराव मला माहीत आहे. इथे ऑगस्टच्या उन्हात तेच चालतं. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा डोळे भरून आले, पोरगी आपल्याच वाटेने गेली म्हणून.

गेली तीन वर्षं मी जवळजवळ प्रत्येक घरचा सामना पाहिला. खेळापेक्षा बँडकडे माझं लक्ष जास्त, म्हणून जे दिसलं ते सांगते. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या की मैदानाच्या कडेला एक माणूस येऊन उभा राहतो. तो मागे सरेपर्यंत खेळ सुरू होत नाही. बावीस खेळाडू थंडीत नुसते उभे. ही मोकळी मिनिटं पूर्वी बँडची असायची, असं तिथले जुने लोक सांगतात. आता त्या वेळात मोठ्या पडद्यावर कुठल्यातरी विमा कंपनीची, ट्रकची जाहिरात कानठळ्या बसेल अशी चालते आणि पोरं वाद्यं ओठांशी धरून ती संपायची वाट बघतात. संपते, तोवर चेंडू खेळात आलेला असतो.

सामन्याची वेळ तर बारा दिवस आधी कळते, कधी सहाच. टीव्हीवाले निवड करतात तोवर आम्ही दुपारचं धरायचं की रात्रीचं, हॉटेल घ्यायचं की नाही, काही कळत नाही. मागच्या नोव्हेंबरात माझी सासू नाशिकहून आली होती, नातीला वाजवताना बघायला. सामना रात्रीचा ठरला. गारठ्यात त्यांना नेता आलं नाही.

खेळाडूंना पैसे मिळतात त्याचं मला वाईट वाटत नाही, त्यांची हाडं मोडतात. बँडच्या पोरांना मिळत नाहीत, तेही मुलीला चालतं. तिला फक्त ती चार मिनिटं हवी आहेत.

पूर्वी दक्षिणेत टीचिंग असिस्टंट, आता न्यू जर्सी

मी २००७ ते २०१० संख्याशास्त्राची प्रॅक्टिकल्स घ्यायचो. वर्गात एक धिप्पाड मुलगा होता, संघातला. त्याच्या नंबरची जर्सी विद्यापीठाच्या दुकानाच्या काचेत लागलेली. त्यातला एक सेंटही त्याला मिळायचा नाही. संध्याकाळी शंका विचारायला यायचा तेव्हा भुकेलेला असायचा. खेळाडूंना हवं तितकं जेवण द्यायची मुभाच मुळी २०१४ मध्ये मिळाली, हे आज कुणाला खरं वाटत नाही. एकदा मी आईने पाठवलेलं भडंग पुढे केलं. त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, “सर, नियमात बसेल की नाही माहीत नाही.” मूठभर मुरमुरे!

त्या दिवसानंतर मला स्टेडियममध्ये ओरडताना लाज वाटायची. जाणं सोडलं.

२१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात ९-० असा खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि १ जुलैपासून स्वतःच्या नावावर कमवायची परवानगी आली. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी दर विद्यापीठाला वरची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. यातून गोंधळ झालाय हे मान्य. तिकिटं महागली, पोरं दरवर्षी संघ बदलतात. पण २०२१ च्या सप्टेंबरात मी अकरा वर्षांनी पुन्हा सामन्याला गेलो आणि मनापासून ओरडलो. धागाकर्त्याच्या आजी-आजोबांची सीट गेली ती यामुळे, असं कुणी म्हणू लागलं तर मला पटणार नाही. त्या मुलाला काही मिळत नव्हतं तेव्हाही देणग्या चढतच होत्या.

पुलमन, वॉशिंग्टन

थोडक्यात लिहितो. २०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत आमच्या पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समधले दहा जण टीव्हीच्या पैशामागे तीन वेगळ्या कॉन्फरन्समध्ये जायला निघाले. आम्ही, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट, आणि ओरेगॉन स्टेट, दोघंच उरलो. लहानसं गाव, शनिवारच्या गर्दीवर इथली हॉटेलं वर्षाचं भाडं काढतात. ॲपल कप, म्हणजे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी आमचा जुना सामना, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, बर्फात व्हायचा. २०२४ मध्ये तो सप्टेंबरात, सिॲटलला. आम्ही २४-१९ जिंकलो. नुसत्या टी-शर्टात बसून जिंकलो, ते मला अजून पचलेलं नाही.

कॉलेज स्टेशन, टेक्सस

ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ विरुद्ध आमचं टेक्सस ए अँड एम, १८९४ पासूनचं वैर. २०११ च्या थँक्सगिव्हिंगला २७-२५ ने हरलो आणि मग कॉन्फरन्स वेगळ्या झाल्या म्हणून १३ वर्षं सामनाच नाही. माझी जुळी मुलं त्या मधल्या काळात जन्मली. ‘ते ऑस्टिनवाले’ असं आम्ही का म्हणतो, ते त्यांना गोष्टीतल्या राक्षसासारखं वाटायचं. ३० नोव्हेंबर २०२४ ला ते वैर परत आलं, तेही टीव्हीच्याच पैशाने, कारण आता दोघंही एसईसी या एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. १७-७ ने हरलो. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. मागच्या सीटवरून एकजण हळूच म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” मला फार बरं वाटलं.

धागाकर्ता

सगळ्यांचं दोनदा वाचलं. न्यू जर्सीकर, तुमचं पटलं. माझा राग खेळाडूंवर कधीच नव्हता, पण मी हिशेब तुमच्यासारखा मांडला नव्हता.

एक राहिलं होतं. मागच्या ऑक्टोबरात मी आजोबांच्या घरी पहिल्यांदा गेलो. आजी आता चालू शकत नाहीत. टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि बाजूला रेडिओ, कारण गावच्या समालोचकाशिवाय आजोबांना चालत नाही. रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे चालतो. त्यामुळे चेंडू पडद्यावर अजून हवेत असताना आजी टाळ्या वाजवायला लागल्या. आजोबांनी शेंगांची पिशवी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, “मागच्या शनिवारी कुठे होतास?”