नदीचा ‘वरचा’ भाग नेमका कुठला? (लेना नदीच्या निमित्ताने)

सायबेरियातल्या लेना नदीवर लेख लिहितेय. नकाशात आर्क्टिककडचा भाग वर दिसतो, पण पुस्तकं त्यालाच लोअर लेना म्हणतात. मराठीत नुसतं ‘वरची लेना’ लिहिलं तर वाचणारा काय समजेल?

— वर-खाली पाण्यावरून ठरतं, नकाशावरून नाही. उगमाकडचं ते वर. आपल्याकडे वर्धा नदीवरचं ऊर्ध्व वर्धा धरण मोर्शीला आणि निम्न वर्धा धरण खाली आर्वीकडे, पण वर्धा दक्षिणेला वाहते म्हणून नकाशा नि पाणी जुळतं आणि कुणाला हा प्रश्नच पडत नाही. लेनेचा उगम बैकल सरोवरापासून जेमतेम ७ किमीवर डोंगरात, तिथून सुमारे ४३०० किमी वाहत ती लाप्तेव समुद्राला मिळते, म्हणजे ऊर्ध्व लेना दक्षिणेला आली.

— आणि डावा-उजवा तीर?

— पाणी जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं, धरणाचा डावा कालवा-उजवा कालवा ठरतो तसंच. याकुत्स्क शहर डाव्या तीरावर, म्हणजे पश्चिमेला.

— उत्तरवाहिनी म्हटलं की आपल्याला पुण्य आठवतं, तिकडे मात्र पूर! मे महिन्यात वरच्या अंगाला बर्फ आधी फुटतो, खाली नदी अजून गोठलेलीच, मग वाहून आलेल्या लाद्या एकमेकींवर चढून अडकतात आणि मागे पाणी चढत जातं. मे २००१ मध्ये लेन्स्क शहर असंच बुडालं, विमानांनी बॉम्ब टाकून बर्फ फोडायची वेळ आली होती.

— अशा अडकण्याला मी ‘हिमावरोध’ लिहिलंय.

— कशाला एवढं जड? बर्फाचा तुंबा म्हणा ना. आणि त्याच्यामागे चढतं ते पाणी म्हणजे फुगवटा, अलमट्टी धरणामुळे हा शब्द सांगली-कोल्हापुरात पोरासोरांनाही माहितीये. तुंबा खाली, फुगवटा वर, इथे वर-खाली बरोब्बर कळतं बघा.

— आणि मुखाशी असलेल्या डेल्टाला त्रिभुज प्रदेश चालेल का? ३०,००० चौरस किमीच्या आसपास पसरलाय, पण त्रिकोण काही दिसत नाही, पंख्यासारखा उघडलाय.

— चालेल, शाळेपासून रुळलाय तो. शंभर फाटे फुटले तरी त्रिभुजच म्हणायचं 😄

— बरं, मग ‘निम्न लेना’ लिहून कंसात ‘उत्तरेकडची’ टाकते.

— कंस कशाला, सरळ ‘मुखाकडची लेना’ लिहा की.