मदत हवी आहे: ३५व्या वाढदिवसाची बार्बी, पण भुवया वेगळ्या

नमस्कार मंडळी, मी नांदेडची. मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पहिली बार्बी आली. तिला ३५ वर्षं झाली म्हणून बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९९४ मध्ये तिची प्रतिकृती काढली होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्विमसूट, पोनीटेल, तिरकी नजर, तीच. सोनेरी केसांची एक माझ्याकडे आहे, मावसबहिणीने अमेरिकेतून आणलेली. आता हैदराबादच्या एका विक्रेत्याकडे तशीच दुसरी निघाली आहे. डबा उघडलेला, गॉगल आहे, स्टँड गायब.

घोडं अडलंय भुवयांवर. माझ्या बाहुलीच्या भुवया मधोमध टोक काढल्यासारख्या, छपरासारख्या आहेत. फोटोतल्या बाहुलीच्या मात्र गोलसर. ओठांचा लाल रंग, डोळ्यावरची काळी रेघ, कपाळावरचे कुरळे केस, सगळं सारखंच. विक्रेता म्हणतो, "पहिल्या लॉटची आहे, दुर्मिळ आहे", आणि सरळ दुप्पट भाव सांगतो. हा खरंच कारखान्यातला फरक, की कुणी डोकं बदललंय? तिच्या कानाशी थोडं हिरवटही दिसतंय.

दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास जातो. लोखंडी कपाटात बाहुली ठेवावी का? सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे: "बाहुलीला काहून इतके पैसे?" त्याचं उत्तर कुणाकडे असेल तर तेही द्या.

प्रतिसाद (जालना): ताई, या प्रतिकृतीत भुवयांचे दोन प्रकार आहेत, संग्राहकांना ते ठाऊक आहे. त्यामुळे फक्त भुवयांवरून डोकं बदललं म्हणता येणार नाही, आणि फक्त भुवयांसाठी दुप्पट पैसेही मोजू नका. मानेचा जवळून फोटो मागवा. डोकं ओढून काढलेलं असेल तर मानेच्या भोकाची कड फाटलेली किंवा पांढरट पडलेली दिसते. चेहरा आणि खांदे दिवसाउजेडी शेजारी बघा. बल्बखाली सगळंच एका रंगाचं वाटतं.

प्रतिसाद (संभाजीनगर): विक्रेता उद्या "ही मूळचीच" म्हणाला तर तळपाय बघा. १९५९ च्या पहिल्या बाहुलीच्या तळव्यांना भोकं होती, आत तांब्याच्या नळ्या, स्टँडच्या खिळ्यांवर उभी राहायची. त्या मूळ बार्बीच्याच पुढच्या, दुसऱ्या आवृत्तीत ती भोकं गेली, तिसरीत डोळे निळे झाले. आणि अंगावर कोरलेल्या वर्षावर जाऊ नका. पाठीवर १९६६ कोरलेल्या बाहुल्या पुढे कित्येक वर्षं निघत होत्या. ते साल त्या शरीराच्या साच्याचं, बाहुलीचं नाही. आमच्या गल्लीत एकाने नव्वदीतली बाहुली "सहासष्टची" म्हणून विकायला काढली होती!

कानाचं हिरवट म्हणजे कानातल्याच्या धातूचा डाग. व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लास्टिकमध्ये, आत उतरतो, पुसून जात नाही. कानातलं आधी काढून ठेवा.

प्रतिसाद (लातूर): उन्हाच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. उष्णतेने व्हिनाइल चिकट होतं, मग धूळ बसते ती निघत नाही. आतल्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. सासूबाईंना एक छोटी पैठणी नेसवून दाखवा, मग बघा.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. मानेचा फोटो मागितला तर विक्रेत्याने डब्याचाच पाठवला, तोही हललेला. डब्यावर १९९४ ची प्रतिकृती असल्याचं स्पष्ट छापलंय, म्हणजे तेवढी शंका मिटली. त्याला कळवलंय की मान आणि तळपाय दाखवा, भाव साधा लावा, नाहीतर राहू द्या. पैठणीचा तुकडा येवल्याचा चालेल की पैठणचाच हवा, हे लातूरकरांनी सांगावं.