२५ वर्षं बघायला नको म्हणे! सोलरवाल्यांचं हे गणित कोणाला पटतं?

दांडियाबाजारकर
२०१८ च्या डिसेंबरात गच्चीवर ३.३ किलोवॅटची सिस्टीम बसवली, ३३० वॅटचे १० पॅनेल. बसवणारा म्हणाला, काका आता २५ वर्षं वर चढूच नका. मी दर महिन्याचे युनिट वहीत लिहितो, घरचे हसतात, पण आज तीच वही कामाला आली. २०१९ चा मार्च ४५०, हा मार्च ३७२. सात वर्षांत १७ टक्के गेले! माझं स्पष्ट मत, २५ वर्षं हा नुसता विकायचा आकडा आहे. शेजारचे विचारायला आले होते, नको म्हणून सांगितलं.

कोठीवाला
काका रागावू नका, वही बरोबर आहे पण निदान चुकलंय. पहिल्या वर्षी पॅनेल २-३ टक्के उतरतात, मग वर्षाला साधारण अर्धा टक्का, म्हणजे आतापर्यंत फार तर ६. बाकीचे ११ वयाच्या नावावर कशाला टाकता? शेवटचे धुतले कधी?

दांडियाबाजारकर
पावसात धुतले जातातच की.

मांजलपूरवाली
भाऊ, पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि तुम्ही मार्चची गोष्ट करताय 😄 खालच्या कडेला फ्रेमपाशी बोट फिरवून बघा, तिथे मातीची ओळ साचते आणि सेलची, म्हणजे काचेखालच्या वीज बनवणाऱ्या चौकोनांची, शेवटची रांग झाकली जाते. वरून काच स्वच्छच दिसते. आणि बोअरच्या पाण्याने धुऊन तसंच वाळू देऊ नका, आम्ही तेच केलं, पांढरे डाग बसले ते अजून निघत नाहीयेत.

नुसता वायरमन
सगळे काकांनाच का झापताय. अर्धा टक्का ही सरासरी आहे हो, तुमच्या गच्चीची गॅरंटी नाही. बडोद्याच्या उन्हात पत्र्याला चिकटवून बसवलेले पॅनेल मी उतरवलेत, मागची पांढरी शीट हाताला खडूसारखी लागते, चिरा पडलेल्या, आतलं प्लास्टिक पिवळं. हवा खेळायला जागा नसली की असंच होतं. आणि वॉरंटीचं म्हणाल तर कागदावर २५ व्या वर्षी ८० टक्के लिहितात, पण ते सिद्ध करायला पॅनेल उतरवा, लॅबला पाठवा, भाडं तुम्हीच भरा. कोण करतो?

कोठीवाला
वॉरंटीचं मान्य. पण काकांचे पॅनेल पत्र्यावर नाहीत, गच्चीत स्टँडवर आहेत. आणि उष्णतेने जे उतरतं ते सगळंच काही म्हातारपण नाही, ३३० वॅट हे सेल २५ अंशाला असताना मोजलेले, मेमध्ये सेल ६५ ला गेला की अंशामागे साधारण ०.४ धरून १६ टक्के तिथेच कमी. संध्याकाळी थंड झाला की पुन्हा होता तसा. ऊन २०१९ लाही होतंच ना, म्हणून मार्चची मार्चशी तुलना केलीत ते चांगलं केलंत.

दांडियाबाजारकर
काल सकाळी ऊन चढायच्या आत पिण्याच्या पाण्याने धुतले, कापडाने पुसले. मातीची ओळ खरंच होती, बोटभर! रोजचे १२ युनिट होते ते आज १३.२. एवढं कबूल. पण शिडीजवळच्या दोन पॅनेलवर काचेच्या आत चंदेरी वाकड्यातिकड्या रेघा आहेत, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. पुसून जात नाहीत. हे म्हातारपण नाही तर काय?

नुसता वायरमन
काका, उत्तरायणाला गच्चीवर कोण कोण असतं?

दांडियाबाजारकर
सगळी गल्ली असते. का?

नुसता वायरमन
पतंग अडकला की पोरं पॅनेलवर पाय देऊन जातात. काच फुटत नाही, आतल्या सेलला केसाएवढी चीर जाते, ती तेव्हा दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी तिच्यावर अशी रेघ उमटते. आणि १० पॅनेल एकाच ओळीत जोडलेले असले तर त्या दोघांमुळे बाकीच्या आठांनाही थोडं ओढलं जातं. इथे माझं मत बदलतो, हे उन्हाचं काम नाही.

मांजलपूरवाली
आणि जिलबी-उंधियूच्या नादात कोणाचं लक्ष असतं वर!

दांडियाबाजारकर
भाचा दरवर्षी त्याच शिडीने चढतो. रविवारी येतोय, विचारतो. शेजाऱ्यांना मात्र अजून हो म्हटलेलं नाही, आणि त्या २५ वर्षंवाल्याला फोन करणार तो करणारच, बसवताना पॅनेलवर पाय देऊ नका एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं?

कोठीवाला
करा फोन, पण आधी इन्व्हर्टरची वॉरंटी किती उरलीय ते बघून ठेवा, पॅनेलच्या खूप आधी तो बिघडतो.