फॅटी लिव्हर आणि भूमध्यसागरी आहार

प्रश्न:
वडिलांच्या सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचे फॅटी लिव्हर आढळले असून डॉक्टरांनी भूमध्यसागरी पद्धतीचा आहार (भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, ऑलिव्ह तेल, मासे आणि परंपरेने थोडी वाइन) सुचवला आहे. वजन फारसे उतरले नाही, तरी केवळ आहार बदलल्याने यकृतातील चरबी कमी होते का?

प्रतिसाद १:
होते, असे म्हणायला चांगला आधार आहे. इस्रायलमधील दिमोना येथे 294 जणांवर 18 महिने चाललेल्या चाचणीत, सर्वांना व्यायामाची सोय सारखीच असताना, निव्वळ आरोग्यदायी आहाराचा सल्ला मिळालेल्या गटात यकृतातील चरबी सुमारे 12 टक्क्यांनी, भूमध्यसागरी आहाराच्या गटात 20 टक्क्यांनी, तर त्याच आहारात लाल मांस टाळून हिरवा चहा व मनकाई ही पाणवनस्पती घेणाऱ्यांत 39 टक्क्यांनी घटली. शेवटच्या दोन गटांचे वजन मात्र जवळपास सारखेच उतरले होते.

प्रतिसाद २:
तरीही वजनाला फाटा देऊ नये, कारण यकृताची सूज ओसरण्यासाठी साधारणपणे 7 ते 10 टक्के वजन घटावे लागते. शिवाय भजी ऑलिव्ह तेलात तळली म्हणजे भूमध्यसागरी आहार झाला, अशी समजूत आमच्या नात्यात फार आहे!

प्रश्नकर्ता:
वडील शाकाहारी आहेत, मासे वर्ज्य. आणि त्या आहारातील वाइनचे काय?

प्रतिसाद १:
कडधान्ये, भाज्या, अख्खी धान्ये, अक्रोड आणि जवस यांवर भर द्यावा. साखर व मैदा कमी करावा. यकृताचा विकार असताना वाइन वगळलेलीच बरी.