पत्रकारानं बूम (चॅनेलचा माईक) खाली ठेवून पक्षाचं उपरणं घातलं, म्हणजे गुन्हा केला काय?

उत्तरेश्वरकर:
परवा आपल्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. 'टीव्हीचा पत्रकार राजकारणात गेला की समजायचं, तो आधीपासूनच विकला गेलेला होता,' अशी सुरुवात आणि खाली इम्तियाज जलील यांचा फोटो. अंगठ्यांचा पाऊस पडलाय. मला राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

जलील यांचा एमआयएम पक्ष मला पटत नाही. उद्या कोल्हापुरात उभे राहिले तरी माझं मत त्यांना नाही. पण हा माणूस आधी लोकमत, मग एनडीटीव्ही असं करत आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं बातमीत घालवून बाहेर पडला. २०१४ ला औरंगाबाद मध्यमधून उभा राहून आमदार झाला, २०१९ ला खासदार झाला आणि २०२४ ला लोकांनी घरी पाठवला. यात चोरी कुठं आहे? नोकरी सोडली, पक्षाचं नाव उघड लावलं, लोकांच्या दारात जाऊन मत मागितलं.

चोरी करतो तो, जो काम पक्षाचं करतो आणि गळ्यात कार्ड पत्रकाराचं अडकवून फिरतो. २०१९ च्या विधानसभेला आमच्या पेठेत एकजण सकाळी एका उमेदवाराची पदयात्रा कव्हर करायचा आणि रात्री त्याच उमेदवाराच्या ऑफिसात बसून उद्याचं भाषण लिहायचा. बूम टेबलावर, शेजारी भाषणाचे कागद. तिथं चहा नेऊन देणारा मीच होतो, ऐकीव सांगत नाही. त्याला आजही सगळे 'साहेब' म्हणतात आणि राजीनामा देऊन गेलेल्याला 'विकलेला'. हे मला सहन होत नाही.

आणि हे नवं आहे काय? टिळक केसरी चालवत १८९५ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. अत्रे 'मराठा' काढून १९५७ ला विधानसभेत गेले. आपल्या गावात खंडेराव बागलांनी 'हंटर' हे पत्र चालवलं आणि त्यांचे चिरंजीव माधवराव लिहिता लिहिता संस्थानात लोकांचे हक्क मागणाऱ्या प्रजा परिषदेचे पुढारी झाले. त्यांनाही विकलेले म्हणायचं काय?

निवृत्त मास्तर, राधानगरी:
टिळकांचं नाव घेताना जरा दमानं. कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांवर केसरीनं लिहिलं. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं, ती बनावट निघाली. १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात बसले. आपल्या छत्रपतींच्या कळवळ्यानं लिहिलं होतं, मान्य. पण चूक कळल्यावर माफी मागितली आणि शिक्षाही भोगली. आजचा कुठला अँकर चुकीच्या बातमीबद्दल एक ओळ तरी चालवतो?

दुसरं. केसरी मत मांडणारं पत्र होतं. ते कुणाच्या बाजूचं, हे घेणाऱ्याला पैसे मोजतानाच ठाऊक असायचं. टीव्हीवाला 'आम्ही निष्पक्ष' असं सांगून घरात येतो. प्रदीप भिडे इतकी वर्षं दूरदर्शनवर सातच्या बातम्या वाचायचे. आमच्या घरी जेवणाची ताटं त्या आवाजावर पडायची. त्यांचं मत कुठल्या पक्षाला जात होतं, मला आजही सांगता येणार नाही. त्या माणसावरचा भरवसा हाच. उद्या तेच एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसले असते, तर मी मागच्या सगळ्या बातम्या मनात पुन्हा लावून बघितल्या असत्या. म्हणून मी याला विश्वासघात म्हणतो. माईकनं कमावलेली ओळख मतपेटीत वटवायची, हे मला पटत नाही.

उत्तरेश्वरकर:
मास्तर, ओळख वटत असती तर टीव्ही पत्रकार आशुतोष २०१४ ला 'आप'कडून दिल्लीच्या चांदनी चौकातून हरले नसते. गुजरातचे इसुदान गढवी टीव्हीवर घराघरात पोचलेले, त्याच 'आप'नं २०२२ ला मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केला, तर स्वतःची खंभाळियाची जागा गेली. जलीलही २०१९ ला ४,४९२ मतांनी निघाले आणि तेही हर्षवर्धन जाधवांनी २ लाख ८३ हजार मतं खाल्ली म्हणून. समोरचे शिवसेनेचे चंद्रकांत खैरे चार वेळा खासदार राहिलेले. ती मतं फुटली नसती तर काय झालं असतं, ते बघा. माईकनं नाही, मतविभागणीनं खासदार केलं.

निवृत्त मास्तर, राधानगरी:
म्हणजे यश आलं नाही म्हणून गुन्हा नाही? चोर रिकाम्या हातानं परतला तरी चोरच. आणि आशुतोष पक्ष सोडून पुन्हा पत्रकारितेत आले, त्याचं काय? एकदा मत मागितलेल्या माणसाचं विश्लेषण मी कुठल्या कानानं ऐकायचं?

चिखलीची सून:
मी राजकारणावर लिहीत नाही, पण आज लिहिते. ऑगस्ट २०१९. प्रयाग चिखलीत आमच्या घराच्या माडीपर्यंत पाणी. बोटीतून बाहेर काढलं तेव्हा सासूबाईंच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला सातबारा, रेशनकार्ड आणि आमच्या लग्नाचा एक फोटो. काठाला दोन चॅनेलवाले. एकानं बूम त्यांच्या तोंडापुढं धरून विचारलं, 'आजी, घर गेलं, कसं वाटतंय?' त्या गप्प. तर हा म्हणतो, 'थोडं कॅमेऱ्याकडं बघून सांगा.' दुसऱ्या मुलानं आपला बूम चिखलात ठेवला, पिशवी घेतली, सासूबाईंना पाठीवर घेऊन वरपर्यंत आणलं आणि चारा छावणी कुठं आहे ते फोन करून विचारून दिलं. त्या दिवशी त्याची बातमी लागली नसणार.

तो दुसरा मुलगा उद्या उभा राहिला तर आमच्या घरातली पाच मतं त्याची. पूर डोळ्यांनी बघितलेला माणूस तिथं वर बसलेला मला पाहिजे. मास्तर, तुम्ही म्हणता तसा भरवसा आम्ही पण ठेवलाय, फक्त माईकवर नाही, माणसावर.

शिरोळचा वार्ताहर:
वहिनी, वाचून पोटात तुटलं. त्या पुरात मीही कुरुंदवाडला कमरेभर पाण्यात उभा होतो. आता मुद्द्याचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

मी बारा वर्षं स्ट्रिंगर होतो. पगार नाही, स्टोरी लागली तर पैसे. एका स्टोरीला तीनशे रुपये, न लागलेल्या स्टोरीचं पेट्रोल माझं. पुराच्या आठवड्यात सतरा फीड (व्हिडिओ) पाठवले, सहा लागले, पैसे आले फेब्रुवारीत. त्यात दिवाळी आली की जाहिरातीचं टार्गेट. सरपंच, कारखान्याचा संचालक, डॉक्टर, सगळ्यांच्या दारात जायचं. ज्या संचालकाच्या उसाच्या वजनातल्या काटामारीची बातमी करायची, त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात मागायची. त्यानं एकदा मला समोर बसवून विचारलं, 'जाहिरात पाहिजे का बातमी?' घरी पोरीच्या शाळेची फी थकलेली. मी जाहिरात घेतली. ती बातमी आजपर्यंत कुणी केली नाही.

राजकारणात पत्रकार का जातात, हे एसीत बसून विचारताय. आम्ही रोज राजकारणातच होतो, फक्त कमिशनवर.

निवृत्त मास्तर, राधानगरी:
म्हणजे पाकीट घेत होता, हे स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. बरं झालं. प्रेस कौन्सिलच्या समितीनं २०१० ला पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन दिलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवाल दिला, २००९ च्या निवडणुकीत आपल्या राज्यात काय झालं ते देशानं बघितलं. आज कळलं, ते खालपर्यंत कसं पोचलं.

शिरोळचा वार्ताहर:
मास्तर, तोंड सांभाळून. मी जाहिरातीची पावती फाडत होतो, पैसे ऑफिसला भरत होतो, मला त्यातलं पंधरा टक्के कमिशन. पाकीट आणि पावती यातला फरक तुम्हाला कळत नाही? तुमच्या संस्थेत शिक्षकाची जागा कशी भरली जाते, ते अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही कुठं पत्र लिहिलं होतं? मी निदान आज सांगतोय.

निवृत्त मास्तर, राधानगरी:
मी एक रुपया दिला नाही, घेतला नाही. तेहतीस वर्षं सायकलवरनं शाळेत गेलोय. माझ्यावर असलं काही उडवू नका.

चिखलीची सून:
दोघंही थांबा. कमिशनचा नियम वार्ताहरदादांनी केला नाही आणि भरतीचा मास्तरांनी केला नाही.

ताराबाई पार्कातला वकील:
वकील आहे, कायद्याचं सांगतो, मग भांडा. पत्रकारानं राजीनामा आणि उमेदवारी यात अमुक महिने थांबावं, असा नियम नाही. सनदी अधिकाऱ्यांनाही नाही. तशी मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०२२ ला फेटाळली, तो विषय कायदेमंडळाचा आहे म्हणून. शिवाय प्रेस कौन्सिल छापील माध्यमांपुरती. चॅनेलवाल्यांची नियामक व्यवस्था त्यांनी स्वतःच उभी केलेली. निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम देखरेख समिती असते, पेड न्यूज दिसली तर ती उमेदवाराच्या खर्चात धरतात. चॅनेलच्या मालकाला त्याची झळ लागत नाही. वार्ताहराचं दुखणं खरं आहे, पण मूळ तिथं आहे.

आता माझं दुखणं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकं आंदोलन केलं. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचा पक्षकार एका तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायचा, सीएसटीच्या फलाटावर अंघोळ करून कोर्टात उभा राहायचा. मुंबईच्या एका तरी चॅनेलनं त्या फलाटावर कॅमेरा लावला? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा सगळे थेट प्रक्षेपणाला हजर. कोल्हापूर म्हटलं की यांना तांबडा-पांढरा रस्सा आणि गोकुळ दूध संघाचं राजकारण, बास. आमच्या प्रश्नांवर तासभर चर्चा घडवून आणणारा एखादा अँकर लोकसभेत जात असेल, तर मी त्याचा फॉर्म भरायला मोफत बसेन.

उत्तरेश्वरकर:
वकीलसाहेब, केरळच्या वीणा जॉर्ज बघा. टीव्हीवरनं थेट आरन्मुळातून २०१६ ला आमदार, २०२१ ला आरोग्यमंत्री. कारभार कसा केला त्यावर भांडू, पण 'आधीपासून विकलेल्या' हे कशावरनं म्हणायचं?

पण वार्ताहरभाऊंचं वाचून माझी एक चूक ध्यानात आली. पेठेतल्या त्या भाषण लिहिणाऱ्याला मी चोर म्हणालो. त्याला चॅनेल काय देत होतं, मी कधी विचारलं नाही. तरी त्यानं बूम आणि भाषण एका टेबलावर ठेवलं, ते मला आजही चुकीचंच वाटतं.

निवृत्त मास्तर, राधानगरी:
रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो. वार्ताहर, पाकीट हा शब्द मी मागं घेतो. पावतीचा मला अंदाज नव्हता. भरतीबद्दल मी पत्र लिहिलं नव्हतं, हेही खरं. लिहायला हवं होतं.

उत्तरेश्वरकर, राजीनामा देऊन जाणारा लपून करणाऱ्यापेक्षा बरा, इथपर्यंत मी आलो. विश्वासघात हा शब्द मात्र सोडणार नाही. जाणाऱ्यानं जाताना पडद्यावर सांगावं की मी उद्यापासून अमक्या पक्षात, आणि गेल्या वर्षभरात त्या पक्षाबद्दल दिलेल्या बातम्या तुम्ही पुन्हा तपासा. असं सांगून गेलेला एक माणूस दाखवा, मी विश्वासघात म्हटलेली माझी पोस्ट काढतो.

उत्तरेश्वरकर:
तसा माझ्या बघण्यात नाही. ही अट मला मान्य आहे.

शिरोळचा वार्ताहर:
मास्तर, मीही जास्त बोललो. सायकलचं माहीत नव्हतं.

आता सांगूनच टाकतो. मागच्या खेपेला पंचायत समितीला मला गावातनं विचारणा झाली होती. दोन पक्षांकडनं. घरात चार दिवस कुणी नीट जेवलं नाही. शेवटी नाही म्हणालो, कारण गणातल्या निम्म्या घरांत मी कधी ना कधी जाहिरात मागायला गेलोय. मत मागायला त्याच उंबऱ्यावर उभा राहिलो असतो तर त्यांनी मनात काय म्हटलं असतं, ते मला दिसत होतं. आता पुढची निवडणूक येईल. चॅनेल सोडून दोन वर्षं झाली, सध्या दुधाचं कलेक्शन बघतोय.

चिखलीची सून:
दादा, कार्ड परत दिलंत?

शिरोळचा वार्ताहर:
कार्ड दिलं वहिनी. बूमवरचा लोगोचा ठोकळा कुणी मागितलाच नाही. पोरीनं त्यात पेन्सिली ठेवल्यात.