मदत हवी आहे: पेनड्राइव्ह लावला की 'टुडुंग', दोन सेकंदांनी परत 'टुडुंग'

नमस्कार मंडळी,

घरचा असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे, २०१८ चा, विंडोज १०. घर रत्नागिरीजवळ, टेबल खिडकीला लागून. पावसाळा लागल्यापासून यूएसबीने वैताग आणलाय.

पुढच्या दोन्ही पोर्टांत पेनड्राइव्ह जोडला जातो, तुटतो, परत जोडला जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ (डिव्हाइसमध्ये बिघाड आहे म्हणून विंडोजने ते थांबवलं, असा संदेश). तोच पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात निमूट चालतो. म्हटलं, सगळं मागेच लावू. तर बाहेरची हार्डडिस्क (१ टीबी, वेगळा अडॅप्टर नसलेली) तिथेही दगा देते. चार फोटो जातात, पण भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ टाकायला घेतले की पाच-सात मिनिटांत टक्-टक् करून डिस्क गायब. त्यात भर म्हणजे कॉपी चालू असताना वायरलेस माउस लंगडतो.

सगळे यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करून पाहिले. माउस आणि कीबोर्ड दोन्ही यूएसबीचेच, त्यामुळे दोन्ही गेले आणि बटण दाबून मशीन बंद करावं लागलं. तेवढा शहाणपणा कोणी करू नका. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

प्रतिसाद १
पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला रिकामं बसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करून बघा.

धागाकर्ता
केलं. ढिम्म फरक नाही.

प्रतिसाद २
मदरबोर्डचं श्राद्ध एवढ्यात घालू नका. मागे पेनड्राइव्ह चालतोय ना? मला ही तीन वेगळी दुखणी वाटतात, तुम्ही तिघांवर एकच औषध शोधताय. दोन गोष्टी सांगा: डिस्क निळ्या पोर्टात आहे का? आणि मध्ये एक्स्टेन्शन वायर आहे का?

धागाकर्ता
निळ्याच. हो, वायर आहे, दीड मीटरची. कॅबिनेट टेबलाखाली असल्यामुळे. माउसचा डोंगल (सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा) डिस्कच्या अगदी शेजारी.

प्रतिसाद २
मग उलगडलं बहुतेक. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, निळ्या ३ च्या पोर्टातून ९००. पण स्वस्त, बारीक तारेच्या एक्स्टेन्शनमध्ये व्होल्टेज वाटेतच पडतं आणि डिस्कला पुरत नाही. सोबत आलेल्या आखूड केबलने थेट लावा. तरीही टक्-टक् आलीच, तर डिस्कच जात असेल, आधी डेटा काढून घ्या.

माउसचं म्हणाल तर यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, वायरलेस माउसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर अख्खा पेपर काढलाय. तीच एक्स्टेन्शन डोंगलला लावून त्याला टेबलावर आणा. डोंगलला वीज लागते कितीशी!

पुढचे पोर्ट मात्र बॅटरी मारून बघा. कोकणातली दमट हवा आणि खिडकी, मला गंजाचा संशय आहे. मशीन बंद करून, प्लग काढूनच हात घाला.

धागाकर्ता
काल रात्री बसलो. डाव्या पोर्टात चारपैकी दोन पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दोनदा घासलं, तासभर वाळवलं. आता पेनड्राइव्ह एका 'टुडुंग'वर थांबतो. उजव्या पोर्टातली प्लास्टिकची जीभच मोडलीय, पट्ट्या एकमेकींना टेकत होत्या. त्यावर चिकटपट्टी मारली, आतली वायर दुकानातून सोडवून घेईन. डिस्क थेट लावली, ८० जीबी एका दमात गेले. माउस सुतासारखा सरळ.

एकच राहिलं. आधी डिस्क मध्येच तुटायची, तेव्हाच्या काही फायली उघडत नाहीत. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू?

प्रतिसाद २
थांबा. चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं. उघडतंय तेवढं आधी दुसरीकडे कॉपी करा, मग चालवा. आणि लग्नाच्या मूळ फायली कॉम्प्युटरवरून अजून पुसल्या नसतील तर पुसू नका.

धागाकर्ता
पुसल्या नाहीत. वाचलो. कॉपी लावलीय.